विजूच्या लग्नाचे पापड

उन्हं अंगणात आली, पाट्यावरचं पीठ तयार झालं, तरी ओळीतली एकही बाई फिरकली नव्हती.

"शालन, गोदाला हाक मार," आत्याबाई म्हणाल्या.

"मारली की दोनदा."

"मग तिसऱ्यांदा मार. सकाळधरनं बहिरी झाली आसंल ती."

मी कुंपणाशी जाऊन पुन्हा हाक मारली. गोदाकाकूंच्या दारात त्यांची मांजर बसली होती, तिनं तेवढं माझ्याकडं बघितलं. आत कुणीतरी भांडं खाली ठेवलं आणि मग सगळं एकदम शांत झालं. घरात माणूस असूनही नसल्यासारखं करतात ना, तशी ती शांतता होती. मी परत आले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापूरकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. कारखान्याच्या कॉलनीत मात्र त्यांना सगळे तानूआक्का म्हणायचे. साखर कारखान्यातल्या कामगारांच्या क्वार्टर्सची ती एक लांबलचक ओळ. घराला घर लागून, एकीच्या घरात फोडणी पडली की तिसरीला ठसका लागायचा. चैत्र आला की ओळीत पापड सुरू व्हायचे. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. आपलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून जायचं, सगळ्यांनी मिळून एका घरचे पापड उरकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी. हल्ली माझी सून पापडाचं पाकीट आणते आणि म्हणते, "आई, तुमच्या वेळी काय धमाल येत असेल ना, सगळ्या बायका एकत्र!" मी म्हणते, हो बाई, धमाल म्हणजे विचारू नकोस.

उडदाच्या पापडाचं पीठ एकदा कुटलं की त्याच दिवशी लाटायला लागतं. राहिलं तर आंबतं, काळं पडतं, गाईसुद्धा तोंड लावत नाही त्याला. आणि आमचं पीठ काय थोडं होतं? माझ्या नणंदेचं, विजूचं लग्न तोंडावर आलं होतं. रुखवतात मांडायचे पापड, पंगतीला वाढायचे पापड, वरमाईबरोबर डबा भरून द्यायचे पापड. पहाटेपासून मी मुसळ उचलत होते आणि आत्याबाई तेलाचा हात लावून पीठ उलटत होत्या. माझे खांदे भरून आले होते. ओल्या फडक्याखाली पिठाचा एवढा मोठा ढीग, अंगणात सतरंज्या अंथरलेल्या, वाळवणासाठी सावलीत खाटांवर जुनी लुगडी पसरलेली, आणि लाटायला आम्ही दोघी. विजूला हळद लागायची होती म्हणून तिला उन्हात बसवायचं नव्हतं. तशीही ती कामाला कमीच होती.

"जा, घरोघरी जाऊन ये," आत्याबाई म्हणाल्या. "कुकू घिऊन जा. बोलवायला आली न्हाई म्हणाय नकोत."

मी कुंकवाचा करंडा घेऊन निघाले. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं, ओळीतल्या बायकांपुढं मान वर करून बोलायची सवय नव्हती. गोदाकाकूंनी दार अर्धंच उघडलं.

"अगं, अंगात कणकण आहे बघ रात्रीपासनं," त्या म्हणाल्या आणि लगेच खोकल्या. कणकणीला खोकला कशाला लागतो कुणास ठाऊक. त्यांच्या मागं भिंतीला टेकून पोळपाट उभा होता, धुऊन पुसून.

पुढच्या घरी मालक दुसऱ्या पाळीला जाणार होते, त्यांचा डबा व्हायचा होता. त्याच्या पुढच्या घरी एकादशी होती. मी म्हटलं, एकादशी तर कधीच होऊन गेली. तर ती बाई म्हणाली, "आमच्यात दुसरी धरतात." टोकाच्या घराअलीकडची रखमाकाकू निदान खरं बोलली. तिनं माझ्याकडून कुंकू लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मथुरावहिनीनं सगळ्यांस्नी सांगितलंय, तानूआक्काच्या अंगणात पाय ठेवायचा न्हाई. तुझ्या सासूला म्हणावं, जरा तोंडाला आवर घाल. ओळीत राहायचं तर जुळवून घ्यावं लागतंय बाई."

झालं होतं ते असं.

परवा मथुरावहिनींकडं पापड होते. वहिनींचे मालक कारखान्यात हेड टाइमकीपर. ओळीच्या टोकाचं मोठं क्वार्टर त्यांचं, नळ घरातच, पुढं ओसरी. कुणाला हजेरीत सांभाळून घ्यायचं असो, कुणाच्या पाहुण्यांना झोपायला जागा हवी असो, सगळे तिकडंच जायचे. वहिनींचं बोलणं म्हणजे नुसती साखर. लहान-थोर सगळ्यांना "अगं राणी, अगं सोन्या." परवा सगळ्या जणी त्यांच्या ओसरीवर लाटत बसलो होतो. त्यांची सून मंदा माझ्याच वयाची. तिनं वाळत घातलेला पापड उलटायला हात लांब केला आणि तिचा पदर खांद्यावरून घसरला. चोळीच्या खाली पाठीवर वळ उठलेले होते. काही जुने, काही ताजे, निळे-जांभळे. सगळ्यांनी बघितलं. बघितलं आणि सगळ्यांच्या माना पोळपाटावर गेल्या, लाटणी एकदम जोरात चालायला लागली. मंदाचा नवरा दारू पिऊन येतो आणि पट्ट्यानं मारतो, हे ओळीत कुणाला ठाऊक नव्हतं? एका भिंतीपलीकडं रखमाकाकू राहायची. तिला तर सगळं ऐकू यायचं.

आत्याबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "मथुरे, ह्या पोरीच्या पाठीला काय झालंय?"

"अहो आक्का, मोरीत पाय घसरला तिचा," वहिनी हसून म्हणाल्या. "धांदरट आहे आमची राणी."

"तुझ्या मोरीला हात फुटलेत काय गं? का कमरंला पट्टा बांधतीया ती?"

मला मेलीला हसूच फुटलं. दुसरं कुणी हसलं नाही. वहिनींचा चेहरा असा झाला की मी पुन्हा त्यांच्याकडं बघितलं नाही. आत्याबाई मात्र थांबेनात. आमच्या आत्याबाई भांडायला बसल्या की दम खात नसत. दूधवाल्याशी पाण्यावरून, गिरणीवाल्याशी पिठावरून, देवळात पुजाऱ्याशी नारळाच्या अर्ध्या भकलावरून, रोज कुणी ना कुणी त्यांना लागायचंच. मला त्यांची भीती वाटायची आणि रागही यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही माझी सासू आहे, बरं झालं. "पोराला आवर," त्या म्हणाल्या, "न्हाईतर मी हिच्या बापाला बलावून घीन." आणि त्या नुसत्या बोलल्या नाहीत. मंदाच्या गावाकडून ऊस घेऊन येणारा एक गाडीवान होता, त्याला त्याच संध्याकाळी गाठून त्यांनी निरोप धाडला, "तानूआक्कानं सांगितलंय म्हणावं, येऊन लेकीला घिऊन जा."

आणि आज आमचं अंगण रिकामं.

मी परत आले आणि रखमाकाकूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आत्याबाईंनी पिठावरचं फडकं पुन्हा भिजवलं. "न्हाईत आल्या तर न्हाईत. आपुन दोघी लाटू. बस."

आम्ही बसलो. दोघींनी कितीही हात चालवले तरी ढीग हलेना. ऊन चढायला लागलं. पिठाला वास यायच्या आत संपणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं असणार. तेवढ्यात विजू घरातून बाहेर आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"आई, माझं लगीन मोडणार बघ."

"पापडावरनं कुणाचं लगीन मोडत न्हाई."

"पापडाचं कुणाला पडलंय? वऱ्हाड कुठं उतरायचं ठरलंय? वहिनींच्यात! सैपाकाला पाणी कुठलं? त्यांच्या नळाचं! ती मोठी पातेली, ती सतरंजी, वाढायला बायका... ती मानसं दारात येऊन उभी ऱ्हातील आनि ओळीतली एक बाई पुढं व्हायची न्हाई. ही कसली मानसं म्हणून परत जातील." ती हुंदके द्यायला लागली. "दोन स्थळं आधीच मोडल्यात माझी. ती मंदी तुझी कोण लागतीया? तिच्यापायी माझं वाटुळं करतीस?"

आत्याबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले, नऊवारीचा काष्टा नीट केला आणि उठल्या.

"शालन, चल माझ्यासंगं."

मला वाटलं आता रान पेटणार. मी मनातल्या मनात खूशच होते. पण मथुरावहिनींच्या ओसरीवर चढताना आत्याबाईंनी चप्पल पायरीच्या पार खाली काढली, आणि मला कळलं, भांडण नाही. दुसरंच काहीतरी आहे.

"या की आक्का," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पाट मांडला. "आज तर तुमच्याकडे पापड ना?"

"हाईत की. तुमी आल्यावर हुतील."

"अगोबाई, आम्ही कशा येणार? आमच्या मोरीला हात फुटलेत म्हणे."

आत्याबाई पाटावर बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. "मथुरा, माझं तोंड वंगाळ हाय, तुला ठाव हाय. मला दिसायला चुकलं आसंल. डोळ्याला कमीच दिसतंय आलीकडं."

डाळीतला खडा लांबून टिपणाऱ्या बाईचे डोळे ते! मी त्यांच्या पाठीमागं उभी होते. माझी कानशिलं तापली.

"मला नका सांगू हो, माझ्या मनात काहीसुद्धा नाही," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. "पण पोरीची केवढी बेअब्रू झाली चारचौघींत! तिला वाईट वाटलं. तिला सांगा. मंदे, ए मंदे, इकडे ये गं राणी. आक्का काय म्हणतायत ऐक."

मंदा स्वयंपाकघरातून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. आत्याबाई तिच्याकडं बघेनात. ज्यांच्या नजरेला नजर द्यायला कॉलनीतले पुरुष बिचकायचे त्या जमिनीकडं बघत होत्या. वहिनी वाट बघत होत्या, अगदी शांतपणे, हसत.

शेवटी मंदाच बोलली. "असू द्या आक्का. मी पडलेच हुते मोरीत."

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "झालं, मिटलं. अहो आपण शेजारी, आपलं काय धरून बसायचं? चल गं मंदे, पोळपाट घे."

आम्ही घरी पोहोचेपर्यंत ओळीतल्या बायका आमच्या अंगणात. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, देव जाणे. गोदाकाकूंची कणकण पळाली होती, सगळ्यात पुढची जागा धरून त्याच बसल्या होत्या. डबा करणारीचा डबा झाला होता. दुसरी एकादशी धरणारीनं येता येता चुरमुऱ्याचा लाडू तोंडात टाकला होता आणि लाटता लाटता ती दात कोरत होती. लाटण्यांचा खडखडाट सुरू झाला. आत्याबाई मध्ये बसून पिठाच्या लांब वळकट्या करत होत्या आणि दोऱ्यानं लाट्या पाडून एकेकीपुढं टाकत होत्या. विजूनं सगळ्यांना सरबत दिलं. वहिनींनी तिला होणाऱ्या नवऱ्याच्या नावाचा उखाणा घ्यायला लावला, ती लाजली, बायका खिदळल्या. रखमाकाकूनं कारखान्याच्या साहेबाच्या बायकोची नक्कल केली. सांगायला लाज वाटते, पण अंगण छान दिसत होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय एकोपा आहे!

मंदा माझ्या शेजारी बसली होती. तिचा एक हात नीट वर जात नव्हता. ती कुणाच्या अंगाला अंग न लावता खाली वाकून लाटत होती. मी हळूच म्हटलं, "राहू दे गं, मी लाटते तुझ्यातलं." ती म्हणाली, "नगं. बघतील."

आणि तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारा माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, धुळीनं भरलेल्या वहाणा, हातात कापडी पिशवी.

"तानूआक्का हितंच ऱ्हात्यात काय?"

मंदाचं लाटणं थांबलं. "आबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते मी कधी विसरले नाही. बुडणाऱ्याला काठ दिसावा तशी ती बापाकडं बघत होती. ती उठलीच होती, अर्धी. गुडघ्यावरचं पीठ झटकलंसुद्धा तिनं.

"मीच तानूआक्का," आत्याबाई म्हणाल्या.

"गाडीवानानं निरोप दिला. लेकीला घिऊन जा म्हणून." त्यांनी मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं. "हातातलं काम टाकून आलोया. काय झालंय आक्का?"

सगळी लाटणी थांबली. मथुरावहिनींनी मात्र आपला पापड शेवटपर्यंत लाटला, उचलून उजेडात धरला, बघितला आणि मग आत्याबाईंकडं वळल्या. "सांगा की आक्का. तुम्हीच निरोप धाडला होता ना?"

आत्याबाईंच्या बोटांना दोरा गुंडाळलेला होता. समोर विजू सरबताचं ताट धरून उभी होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको.

"काय न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मोरीत पाय घसरला हुता तिचा. मी उगंच भ्याले."

"आबा," मी म्हणाले, "तिची पाठ बघा, ती..."

"शालन!" आत्याबाई ओरडल्या. "पाव्हण्यास्नी च्या टाक."

"पण आत्याबाई..."

"च्या टाक म्हटलं न्हवं? आत हो!"

त्या माझ्यावर इतक्या जोरात कधी ओरडल्या नव्हत्या. मी तरी उभीच होते. मंदाच्या बापाकडं बघत होते. म्हटलं, हा बाप आहे, हा तरी विचारील. पोरीला जवळ घेईल, पदर बाजूला करील. त्यांनी मी काय म्हणाले ते ऐकलं होतं, चांगलं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं, मग झटकन वहिनींकडं. आणि त्यांचा चेहरा खुलला. खरं सांगते, एवढा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच बघितलाय.

"पडली हुती व्हय! आयला, माझा जीव भांड्यात पडला बघा." ते मटकन खाटेच्या कडेला बसले. "धाकटीची सोयरीक जुळत आलीया. आन् हिकडनं आसला निरोप. म्हटलं आता थोरली घरी येऊन बसली तर धाकटीला कोण करून घेनार? वाटभर देवाचा धावा करत आलो."

"अहो मामा, आमच्या मुलीसारखी आहे ती," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कशाला काळजी करता?"

मी चहा टाकला. चुलीपुढं बसून मी रडले. धुराचं निमित्त होतंच. बाहेर मंदाच्या बापानं चहा घेतला, निखाऱ्यावर भाजलेला ताजा पापड खाल्ला, "काय ग्वाड हात हाय आक्का तुमचा" म्हणून तारीफ केली. पिशवीतून लेकीसाठी आणलेली चिक्कूंची पुरचुंडी काढून तिच्या पोळपाटाशेजारी ठेवली.

"बरी हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं. उठता उठताच विचारलं.

"बरी हाय," मंदा म्हणाली.

"सासूचं ऐकत जा. जपून चालत जा जरा मोरीत." मग त्यांनी आत्याबाईंपुढं हात जोडले. "तुमच्यासारखी मायेची मानसं शेजारी हाईत म्हणून आमी निवांत ऱ्हातो. लेकरावर नदर ठेवा."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या.

ते गेले. फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत मंदा त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. त्यांनी वळून बघितलं नाही, त्यांना गाडी गाठायची होती. गोदाकाकूंनी नुसतीच "चला गं" म्हणून लाटणं उचललं, पण लाटलं नाही.

"काय बायांनो, हात का थांबले?" मथुरावहिनी हसून म्हणाल्या. "आक्का, वऱ्हाडासाठी आमची मधली खोली आजच मोकळी करायला सांगते. आणि पिंपांची काळजी नका करू, नळ दिवसभर चालू ठेवू. आपल्या विजूचं लग्न म्हणजे आमच्याच घरचं लग्न."

विजूनं वाकून त्यांना नमस्कार केला.

आत्याबाईंनी वळकटी ओढली, दोरा लावला, पण लाटी पाडली नाही. त्या मंदाकडं बघत होत्या. आता बघत होत्या. "पोरी," त्या म्हणाल्या. पुढं काही बोलणार होत्या.

मंदानं चिक्कूंची पुरचुंडी न उघडता बाजूला सारली. पोळपाट मांडीपाशी ओढला, त्यावरचं सुकलेलं पीठ नखानं खरवडलं आणि आत्याबाईंपुढं हात केला.

"लाटी द्या आक्का," ती म्हणाली. "पीठ वाळाय लागलंय."

आत्याबाईंनी दिली.